हिरव्या दोऱ्याचं करडू

१२ नोव्हेंबर, बुधवार

घशाच्या डॉक्टरांनी बोलणं बंद करायला सांगितलं आहे. महापालिकेच्या शाळेत चोवीस वर्षं पोरांवर ओरडून माझ्या स्वरयंत्राला म्हणे घट्टे पडलेत. "मनात येईल ते बोलू नका, लिहून काढा," म्हणाले. दवाखान्यात ह्यांनी हसू दाबून धरलं होतं. रिक्षात बसल्यावर ते सुटलं ते जुईनगर येईपर्यंत. म्हणून ही डायरी. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांचं नशीब, एवढंच म्हणते.

आणि नेमक्या आजच, मी मुकी झाले त्याच दिवशी, सुनेनं घरात दोन करडं आणली.

सून म्हणजे अर्पिता, माझ्या राजवर्धनची बायको. माहेर तळवलीचं. सहा वर्षं पीएच.डी. करते आहे. लग्न ठरताना विषय 'मायक्रोबायॉलॉजी' एवढाच कळवण्यात आला होता. साखरपुडा झाल्यावर कळलं की शेळीच्या पिल्लांच्या पोटात जे जंतू गॅस तयार करतात, त्यांच्यावर ही मुलगी काम करते. तोवर मानपान झालेले होते.

आज तिनं आम्हाला समोर बसवून समजावलं. शेळी रवंथ करते. पोटात चारा आंबतो. तिथले जंतू त्यातून मिथेन करतात, शेळी तो हवेत सोडते आणि त्यानं पृथ्वी तापते.

"मागून सोडते का?" ह्यांनी फार आशेनं विचारलं.

"नाही बाबा, पुढून. ढेकर देऊन."

ह्यांचा विषयातला रसच गेला.

हे जंतू साधे बॅक्टेरियासुद्धा नव्हेत, त्यांच्याहूनही जुन्या घराण्यातले आहेत. म्हणजे जंतूंमधले चुलत सासरे. पिल्लू जन्मलं की आईच्या चाटण्यातून, लेंड्यांतून, आजूबाजूच्या कळपातून पोटात शिरतात आणि कायमचं बस्तान बसवतात. ते बसायच्या आतच पिल्लाला लसणाच्या अर्काचे थेंब दिले तर पुढे गॅस कमी होईल, असं अर्पिताचं म्हणणं. म्हणून पिल्लं कळपापासून लांब हवीत. कॉलेजच्या शेडमध्ये मोठ्या शेळ्या आहेत, माहेरच्या गोठ्यात त्यांची आई आणि बाकीच्या शेळ्या आहेत. शेळी नाही अशी जागा एकच: माझी मागची पडवी. तळमजला घेतला तेव्हा मला तिथे मोगरा लावायचा होता.

पीएच.डी.च्या समितीनं अर्पिताला तीनदा मुदत वाढवून दिली आहे. या दोघांवर थेंबांचा गुण दिसला तर मोठ्या प्रयोगाला परवानगी. नाही दिसला तर सहा वर्षं पाण्यात आणि नाव कमी. हे सांगताना ती हसत होती; पण हात ओढणीचं टोक पिळत होते.

बोलता येत नव्हतं, म्हणून मान हलवली. तिला तो होकार वाटला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

करडं जुळी आहेत. एकाच्या गळ्यात लाल दोरा, दुसऱ्याच्या हिरवा. नावं ठेवायची नाहीत, अशी सक्त ताकीद. नाव ठेवलं की माया लागते आणि मायेनं प्रयोग बिघडतो म्हणे. मला कसली माया लागते! पहाटे दोघांनी मिळून माझी सुती साडी दोरीवरून ओढली आणि पदर खाल्ला.

थेंबांचं पाहिलं आज. लाल दोऱ्याला लसणाचा अर्क. हिरव्या दोऱ्याला? नुसतं तेल. औषध नाही, काही नाही, तोंडदेखले चार थेंब. मी पाटीवर लिहून विचारलं, 'त्यानं काय घोडं मारलं?'

"आई, तो कंट्रोल आहे. त्याला काहीच न देता काय होतं ते बघायचं असतं. नाही तर फरक कळणार कसा?"

एका आईची जुळी पोरं. एकाच वाटीत तोंड घालणारी. एकाला औषध आणि दुसऱ्याला, चला, तुला गंमत. आणि ते वेडं तेल चाटून माझ्याकडे असं बघत होतं, जणू त्यालाही काही तरी मिळालं. शिकलेल्या लोकांना सापत्नभावालासुद्धा इंग्रजी शब्द सापडतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हिरू दिवसभर कळवळत होता. (हिरू हे नाव नाही. हिरव्या दोऱ्याचं करडू असं दर वेळी लिहायला हात दुखतो.) पोट टम्म. अर्पिता कॉलेजात. हे म्हणाले, "डॉक्टरला बोलवू?" मी खूण केली, थांबा.

कपाटातून बाळगुटीचा डबा काढला. राजवर्धनच्या लग्नाच्या वर्षीच वाशीहून आणून ठेवला होता. सगळं असतं त्यात: हिरडा, मुरडशेंग, वेखंड, सुंठ, हळकुंड. मिळतो तेव्हा घेऊन ठेवावा म्हणून घेतला, दुसरं काही कारण नव्हतं. तीन वर्षं तसाच पडून होता. वाया जायचा, म्हणून काढला.

सहाणेवर दुधात उगाळलं. हिरड्याचे दोन वळसे, मुरडशेंगेचा एक, बाकीचं नावाला. बोंडल्यानं पाजलं. राजवर्धनसुद्धा असाच तोंड वाकडं करायचा. थोड्या वेळानं ढेकर आली, अशी मोठी, की वरच्या मजल्यावरून वैशालीनं खिडकी बंद केली.

त्यानंतर मांडीवर झोपला. उठवायचं जिवावर आलं म्हणून भाजी ह्यांनी चिरली.

गुटी काही औषध नव्हे, त्यामुळे प्रयोगाला बाध येत नाही. रोज सकाळी देत जाईन.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अर्पिताला लसणाच्या अर्काचा वास सोसेना झाला आहे. सहा वर्षं तोच उद्योग करते, कधी नाक मुरडलं नाही. आज बाटली उघडली आणि तोंड दाबून आत पळाली. करडांच्या गॅसनं मळमळतंय तिला. घरात दोन-दोन कारखाने सुरू असल्यावर दुसरं काय होणार? तिला ओवा-सैंधव दिलं. म्हणाली, "आई, थोडं लोणचं पण द्या." ॲसिडिटीत लोणचं! विज्ञान शिकवतात आणि पथ्य शिकवत नाहीत.

थेंब द्यायचं काम ह्यांच्याकडे आलं. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात ह्यांनी माथाडी टोळीचे मुकादम म्हणून जन्म काढला; जबाबदारी आली की छाती पुढे काढायची सवय आहे.

"पाळी कधी बदलायची?" ह्यांनी विचारलं.

"कसली पाळी?"

"थेंबांची. आज ह्याला, उद्या त्याला."

"बाबा, बदलायची नाही. लालला अर्क, हिरव्याला तेल. रोज तेच."

"बरं."

ह्यांचं 'बरं' मी तीस वर्षं ऐकते आहे. नळ दुरुस्त करायलाही ते असंच 'बरं' म्हणाले होते.

४ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार. कलश मांडला, पाच पानं लावली, रांगोळी काढली. शेजारणींना हळदीकुंकवाला बोलावलं होतं. कहाणी वाचायची बारी वैशालीची, कारण माझ्या घशाला बंदी. तिनं डोळे मिटून सुरुवात केली आणि पडवीचं दार ढकलून हिरू आत आला. देवीपुढे जाऊन त्यानं सावकाश आंब्याचं पान काढलं. मग विड्याचं. वैशाली 'राजाराणीवर देवी प्रसन्न झाली' इथवर आली, तेव्हा कलशावर फक्त नारळ राहिला होता.

सगळ्या हसल्या, ते ठीक. पण वैशाली चहा पिताना म्हणाली, "अर्पिताचं कसं गं, उज्वला, संपत नाही का शिक्षण? बाकीच्यांच्या सुना नातवंडं देतात, तुझ्या सुनेनं करडं दिली." आणि वर, "गॅसवर कुणी डॉक्टर होतं का? आमच्याकडं इनो घेतात."

मी डॉक्टरांची शपथ मोडली. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "वैशाली, तुझ्या तेजसनं इंजिनिअरिंगला जेवढी वर्षं घेतली, तेवढ्यात माझ्या सुनेचे चार पेपर छापून आले. परदेशातले लोक वाचतात ते. तुझा इनो पितात का परदेशात, ते विचारून सांग."

मग घसा इतका दुखला की मिठाच्या गुळण्या कराव्या लागल्या. अर्पिता दारात उभी होती. ऐकलं असावं. नको होतं ऐकायला, डोक्यावर बसेल. संध्याकाळी माझे पाय चेपत बसली. करडू तुडवतं त्यापेक्षा बरं चेपते.

९ डिसेंबर, मंगळवार

आजपासून मोजणी. कॉलेजनं एक यंत्र दिलं आहे, टॉर्चसारखं. करडाच्या तोंडावर लाल ठिपका धरायचा, ढेकर आली की मिथेन किती तो आकडा मोबाईलमध्ये जातो. ह्यांच्या हातात टॉर्च आली आणि घरात सुरक्षित कोणी उरलं नाही. मिसळ खाल्लेल्या रिक्षावाल्यापासून जिन्यातल्या मांजरापर्यंत सगळ्यांची तपासणी झाली. राजवर्धन रबाळ्याहून शिफ्ट संपवून आला, तर बूट काढायच्या आत बापानं तोंडावर ठिपका धरला.

अर्पिताला ओकारी आल्यासारखं झालं, तेव्हा तिच्यावरही धरला. "शून्य!" ह्यांनी जाहीर केलं. म्हणजे तिला गॅस नाही. मग काय आहे? टेन्शन आहे. दुसरं काय असणार.

१४ डिसेंबर, रविवार

व्याही आले. देवजी म्हणजे अर्पिताचे वडील, तळवलीत बारा शेळ्या आणि तेवढ्याच तक्रारी बाळगून असतात. येताना लेकीच्या आवडीचा सुका जवळा घेऊन आले. पिशवी उघडली मात्र, लेक बेसिनकडे पळाली. जवळ्यावर वाढलेली पोर!

देवजी पिशवी हातात धरून तसेच उभे राहिले. एकदा बेसिनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "विहीनबाय, पोरीचा तोंड उतरलाय. तिला जरा जपा गो."

डॉक्टरांनी आता हळू बोलायला परवानगी दिली आहे, म्हणून मी म्हटलं, "समितीचं टेन्शन आहे हो. निकाल लागला की होईल बरी."

"तो निकाल लागंल तवा लागंल," देवजी गालातल्या गालात हसले. "ह्यो निकाल बी लांब नाय." व्याह्यांचं बोलणं मला निम्मंच कळतं.

मग करडांकडे वळले. दोन्ही उचलून वजन बघितलं. "ह्यो हिरवा भारी हाय. काय चारता ह्याला?"

"काही नाही. तेल," मी म्हटलं.

२० डिसेंबर, शनिवार

आकडे आले. अर्पिता पडवीत लेंड्यांच्या मधोमध फतकल मारून बसली आहे.

लालचा गॅस कमी आला. हे छान झालं. पण हिरूचा लालच्याही निम्मा आला. तेलवाल्याचा! औषध घेणाऱ्यापेक्षा न घेणारा सरस. म्हणजे सहा वर्षांचा लसूण फुकट. तिनं परत मोजलं, यंत्र बदलून आणलं, पुन्हा तेच.

"नुसत्या तेलानं कसं होईल, आई? नुसत्या तेलानं?"

रात्री जेवली नाही. राजवर्धन म्हणाला, "जाऊ दे ना, नोकरी बघू दुसरी." त्याच्याकडे तिनं असं बघितलं की तो ताट घेऊन टीव्हीसमोर गेला. मला वाटलं होतं, सुटलो एकदाचे. पडवी रिकामी होईल, मोगरा लावीन. तर मला मोगरा मुळीच नको आहे असं लक्षात आलं. ती 'डॉक्टर अर्पिता' अशी दारावर पाटी लावणार होती. पाटी कुठे लावायची ती जागासुद्धा मी बघून ठेवली होती, खिळ्यासकट. हे तिला सांगण्यात अर्थ नाही.

२१ डिसेंबर, रविवार

अर्पितानं सकाळी दरबार भरवला. सगळ्यांना ओळीनं बसवलं.

"खरं सांगा. हिरव्याला तेलाशिवाय कुणी काही दिलं?"

"नाही," मी म्हटलं. छातीवर हात ठेवून म्हटलं. "काहीही म्हणजे काहीही नाही. सकाळची गुटी सोडली तर."

अर्पिता माझ्याकडे वळली.

"गुटी?"

"बाळगुटी गं. ते काय औषध आहे?"

अर्पितानं कपाळाला हात लावला. "रोज?"

"रोज. गुटी काय अधूनमधून देतात?"

"कशाकशाची?"

मी सगळं सांगितलं, वळशांसकट. हिरड्याशी आल्यावर तिचे डोळे बारीक झाले. "आई, पण तुम्ही लालला नाही दिली?"

"त्याला औषध मिळतच होतं की. दोघांना सारखं नको का व्हायला?"

ती रडणार असं वाटलं. तेवढ्यात ह्यांनी घसा खाकरला. ह्यांचा घसा शाबूत आहे, तरी खाकरतात.

"पोरी, रागावू नको. थेंबांचं मीही थोडं पाळीपाळीनं केलं."

"म्हणजे?"

"एक दिवस लालला अर्क, दुसऱ्या दिवशी हिरव्याला. अगं, टोळीत एकालाच रोज हलकं पोतं दिलं, तर टोळी फुटते. मी जन्मभर कुणावर अन्याय नाही केला. ह्या मुक्या जिवावर कसा करू?"

"पहिल्या दिवसापासून?"

"तू बाटली दिलीस तेव्हापासून. तू म्हणालीस रोज तेच, मी म्हटलं बरं."

राजवर्धन म्हणाला, "मी फक्त बिस्किटं दिली. दोघांना. पारले." त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

अर्पिता करडांसमोर जाऊन बसली. हिरू तिची ओढणी चघळत होता, तिनं सोडवली नाही. मग हळूच बोलायला लागली, आमच्याशी नाही, भिंतीशी. "म्हणजे बाटली बाबांकडे गेल्यापासून अर्क दोघांनाही सारखाच. त्याआधीचा तर लाललाच जास्त. तेल दोघांनाही सारखंच. दूध सारखं, बिस्किट सारखं. फरक एकच..." ती ताडकन उठली. "आई, फरक एकच आहे! गुटी!"

मला कळलं ते एवढंच: मी एक लबाडी केली, ह्यांनी दुसरी केली आणि दोन्ही एकमेकांत अशा चपखल बसल्या की मधून खरा प्रयोग बाहेर पडला. हिरड्यातल्या तुरटपणाला हे जंतू भीत असावेत, असं अर्पिताचं म्हणणं. मला मुळीच नवल वाटलं नाही. राजवर्धनसुद्धा भ्यायचा.

९ जानेवारी, शुक्रवार

आज समिती. अर्पितानं काहीही लपवायचं नाही असं ठरवलं होतं. मी म्हटलं, गुटीचं सांग, पाळीचं सांगू नकोस, सासऱ्यांची अब्रू आहे. ऐकलं नाही. सासू, सासरा, सहाण, सगळं स्लाइडवर टाकलं.

तिच्या गाईडबाई म्हणे आधी भरपूर रागावल्या. मग त्यांनीच विचारलं, "किती वळसे म्हणालात?" दोन करडांवरून काही सिद्ध होत नाही, असं समितीनं बजावलं, पण बारा करडांच्या प्रयोगाला परवानगी दिली. चारांना अर्क, चारांना गुटी, चारांना तेल. मुदत दोन वर्षांनी वाढली. खाली एक अट घातली आहे: 'प्रयोग चालू असताना करडांना कुटुंबीयांपासून दूर ठेवावे.' प्राणी धोकादायक असले की अशी पाटी लावतात. इथे आम्हीच धोकादायक.

गुटीचं प्रमाण मात्र माझ्याकडूनच हवं आहे. दुपारी गाईडबाईंच्या प्रयोगशाळेत सहाण घेऊन जाऊन आले. मी वळसा द्यायचा आणि त्यांनी तो बारीक काट्यावर तोलायचा. दर वळशाचं वजन वेगळं आलं. "एकसारखे वळसे द्या ना," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "पोराचं तोंड बघून वळसा द्यायचा असतो, बाई. इथे तोंड कुठे आहे?" त्यांनी हे लिहून घेतलं.

११ जानेवारी, रविवार

देवजी टेम्पो घेऊन आले आणि दोघांना तळवलीला घेऊन गेले. लाल पटकन चढला. हिरू चढेना. माझ्या पदराचं उरलेलं टोक तोंडात धरून उभा. शेवटी पदर फाडून दिला, तशीही ती साडी गेलीच होती. टेम्पो वळेपर्यंत तो चघळत होता. डोळ्यांत धूळ गेली, सिडकोनं परत रस्ता खणून ठेवलाय.

पडवी धुतली. फारच स्वच्छ दिसते आहे.

गुटीचा डबा उरला होता. प्रयोगासाठी नवा, कारखान्यातून मोहोरबंद येणार आहे, जुना त्यांना चालत नाही. मी अर्पिताला म्हटलं, "ने हा देवजींकडे, हिरूला लागला तर." तिनं डबा माझ्या हातून घेतला आणि परत माझ्याच कपाटात ठेवला.

"राहू दे, आई. ह्या वर्षी घरातच लागेल."

हसली आणि बेसिनकडे पळाली. मागे राजवर्धन उगाचच लाजून उभा. ह्यांना काही विचारावं तर हे रुमालानं डोळे पुसतायत. घरातली सगळी माणसं एकदम मंद झाली आहेत.

घरातच लागेल म्हणे. म्हणजे अट असूनसुद्धा ही आणखी एखादं करडू घरात आणणार! या वेळी आधीच बजावून सांगणार आहे: पडवी धुऊन झाली, आता परत नाही. माझं वय झालं, माझ्यानं रात्रीबेरात्री बोंडलं घेऊन उठवणार नाही.

पण आणलंच, तर त्याला नुसत्या तेलावर ठेवू देणार नाही. उद्या डब्यातला हिरडा उन्हात घालते.